हळदीच्या रात्रीचा चाब्यांचा डबा

सहा वर्षांपूर्वी पुतणीच्या हळदीच्या रात्री नागपुरात काटोल रोडवरच्या एका लॉनच्या फाटकाशी मी माझ्या धाकट्या दिरांच्या हाती जाऊबाईंसाठी भरलेला जेवणाचा डबा दिला आणि ‘सावकाश जा’ म्हणून त्यांना निरोप दिला. ते प्यायलेले आहेत हे मला कळत होते, कारण एकच गोष्ट ते तिसऱ्यांदा सांगत होते. मी तसे बोलूनही दाखवले, तेव्हा ते म्हणाले, “मी तर बरोबर बोलून राहिलो ना, वहिनी?” मी डबा दिला, पण मोटारसायकलची किल्ली मागून घेतली नाही. पंधराव्या मिनिटाला रिंग रोडच्या दुभाजकावर त्यांची गाडी आदळली. ते वाचले, मात्र आजही जिना चढताना त्यांना कठड्याला धरूनच एकेक पायरी चढावी लागते.

त्या वाक्याचा मी पुढे पुष्कळ विचार केला. ते खोटे बोलत नव्हते, त्यांना खरोखरच तसे वाटत होते. दारूचा पहिला घाला पायांवर किंवा जिभेवर होत नाही, तो स्वतःला जोखण्याच्या बुद्धीवर होतो. म्हणूनच ‘मला चढली आहे का?’ हा प्रश्न प्यायलेल्या माणसाला विचारणे निरर्थक आहे. गाडी कोण चालवणार हे पहिला पेला भरण्याआधी ठरले पाहिजे, आणि ते ठरवण्याची जबाबदारी भोवतालच्या माणसांनी घेतली पाहिजे, असे माझे ठाम मत आहे.

आमच्या वस्तीतल्या आम्ही काही बायकांनी आणि तीन निवृत्त काकांनी त्यातूनच एक साधी पद्धत सुरू केली. कार्य कोणाचेही असो, लॉनच्या दाराशी एक टेबल आणि त्यावर बिस्किटांचा रिकामा पत्र्याचा डबा असतो. जो पिणार आहे तो आल्या आल्या आपली चाबी त्यात टाकतो. तिला दोऱ्याने पुठ्ठ्याचा तुकडा बांधून त्यावर नाव आणि गाडीचा नंबर लिहिला जातो. मेट्रो रात्री दहाच्या सुमारास थांबते आणि खरी गरज त्यानंतरच पडते, त्यामुळे न पिणारे दोन-तीन चालक आधीच नावानिशी ठरलेले असतात आणि सभागृहात पंचवीस गाद्या घातलेल्या असतात.

पहिल्याच लग्नात आमची चूक झाली. टेबलावर मी बसले होते, आणि नात्यातले एक वडीलधारे गृहस्थ रागावून “पाहुण्याचा असा अपमान करता?” म्हणाले तेव्हा मी खाली मान घालून त्यांची चाबी परत दिली. ते सुखरूप पोहोचल्याचा फोन येईपर्यंत मी अंगणात उभी होते. त्यानंतर आम्ही नियम केला की टेबलावर घरचे कोणी बसणार नाही, कारण नातलगाला नात्यातल्या माणसापुढे नाही म्हणता येत नाही.

सर्वांत कठीण भाग मात्र सकाळचा आहे, आणि त्याकडे कोणाचेच लक्ष नसते. आपल्याकडे हळद आटोपून पहाटे पाचला वऱ्हाड निघते. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ नुसार १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमहून अधिक मद्य असेल तर वाहन चालवणे गुन्हा आहे, आणि शरीर तासाला साधारण १५ ते २० मिलिग्रॅम एवढेच मद्य निकालात काढते. म्हणजे रात्री एक वाजता ज्याच्या रक्तात १२० मिलिग्रॅम आहे, त्याच्या रक्तात पाच वाजताही ४० ते ६० उरतेच. लिंबूपाण्याने, कडक चहाने किंवा थंड पाण्याच्या अंघोळीने त्यात काहीही फरक पडत नाही. तो झोपून उठलेला असतो, कपाळाला गंध लावलेला असतो आणि गाडीत वीस माणसे बसलेली असतात. म्हणून वऱ्हाडाच्या गाडीचा चालक आदल्या संध्याकाळीच वेगळ्या घरी जेवायला आणि झोपायला पाठवावा, असा आमचा आग्रह असतो.

२०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या गुन्ह्याला दहा हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतात, हे बहुतेकांना ठाऊक आहे. त्याच कायद्याचे कलम १८८ मात्र फारसे कोणी वाचलेले नसते: या गुन्ह्याला अपप्रेरणा देणाऱ्यालाही, म्हणजे मदत वा उत्तेजन देणाऱ्यालाही, तीच शिक्षा सांगितली आहे. जाणूनबुजून प्यायलेल्याच्या हाती चाबी देणारा त्यातून सहज सुटेल, असे मला वाटत नाही. आणखी एक गोष्ट मी प्रत्येक बैठकीत सांगते. कलम १३४-अ मुळे अपघातग्रस्ताला सद्भावनेने मदत करणाऱ्यावर कारवाई होत नाही, तेव्हा १०८ ला फोन करून जखमीजवळ थांबायला घाबरू नये.

हे काम दारूबंदीचे नाही. गडचिरोलीत लोकचळवळीतून १९९३ साली बंदी आली, चंद्रपूरची २०१५ ची बंदी २०२१ मध्ये उठली. त्या लढ्यांबद्दल मला आदर आहे, पण आमचे मागणे त्याहून पुष्कळ लहान आहे. कोणी प्यावे की नाही हे आम्ही विचारत नाही, फक्त चाबी मागतो.

आता टेबलावर बहुतेक वेळा माझे दीरच बसतात, अर्थात घरचे कार्य नसेल तेव्हा. कोणी हुज्जत घातली तर ते उत्तर देत नाहीत, खुर्चीवरून उठतात आणि पुठ्ठा बांधायला दोरा आणण्यासाठी लंगडत चार पावले चालतात. येत्या ३१ डिसेंबरला आम्हाला दोन चालक आणि दहा गाद्या कमी पडत आहेत.