समसंभाव्य कशावरून?

शाळेच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी काहीतरी लिहा असा मेसेज ग्रुपवर आला तेव्हा सहल, गॅदरिंग, खो-खोची टीम, खिचडी असे सगळे चवदार विषय बाकीच्यांनी पटापट घेऊन टाकले, म्हणून माझ्या वाट्याला गणित आलं असं कोणी समजू नका, मी ते मागून घेतलंय. आणि गणित म्हणजे तरी सगळं नाही, दहावीच्या बीजगणितातले संभाव्यता आणि सांख्यिकीचे धडे, तेवढंच. बहुतेक ठिकाणी हे धडे शेवटी घाईघाईत उरकतात, "सोपंय, हुकमी मार्कांचंय, पाठ करा" म्हणून. आपल्याकडे सरांनी ते पावसाळ्यातच काढले आणि दिवाळीपर्यंत रोज एक तरी उदाहरण फळ्यावर असायचंच. सरांचं नाव लिहीत नाही, लिहिलंस तर बघ असा त्यांनी फोनवर दम दिलाय, पण आमच्या 2014 च्या बॅचला काय आणि मागच्या-पुढच्यांना काय, सांगायची गरजच नाही.

सरांचा नियम एकच होता. उत्तर काढायच्या आधी नमुना अवकाश, म्हणजे काय काय घडू शकतं त्याची यादी, पूर्ण लिहायचा, टिंबटिंब देऊन पळायचं नाही, आणि त्याच्या खाली एक ओळ लिहायची की या सगळ्या निष्पत्ती समसंभाव्य आहेत, म्हणजे यादीतली प्रत्येक गोष्ट घडायची शक्यता सारखीच आहे, आणि पुढे "कशावरून?" याचं उत्तर. ही ओळ नसली की उत्तर बरोबर असूनही अर्धा मार्क गेला. बोर्डात ही ओळ कोणी मागत नाही हे क्लासला जाणाऱ्या पोरांनी आम्हाला कधीच सांगून ठेवलं होतं, लातूर जिल्ह्यात राहून शॉर्टकट माहीत नसणारा पोरगा सापडणं अवघडच, पण सर ऐकायचे नाहीत. बोर्ड मार्चमध्ये, मी आत्ता, असं म्हणायचे.

सुरुवात दोन नाण्यांपासून. दोन नाणी एकदम फेकली तर एक छापा आणि एक काटा मिळण्याची संभाव्यता किती? अर्ध्या वर्गाचं म्हणणं, शक्यता तीनच, दोन्ही छापे, दोन्ही काटे, एक-एक, म्हणून एक तृतीयांश. बाकीचे म्हणायचे चार, म्हणून एक द्वितीयांश. सरांनी खिशातून एक रुपयाचं आणि पाच रुपयांचं अशी दोन नाणी काढली, आता सांगा म्हणाले, रुपयावर छापा पाचावर काटा, आणि रुपयावर काटा पाचावर छापा, हे एकच का? मग गप्प झाले सगळे. तरी मागच्या बाकावरून एक आवाज आलाच की सर दोन्ही रुपयाचीच असली तर? यावर सरांनी जे उत्तर दिलं ते मला अजून आवडतं, ते म्हणाले, नाण्याला काय माहीत तुला ती वेगळी ओळखता येतात की नाही.

आणि मग त्यांनी सांगितलं की या चुकीची लाज वाटून घेऊ नका, फ्रान्समध्ये द'आलांबेर नावाचा केवढा मोठा गणिती होऊन गेला, त्याने 1754 मध्ये ज्ञानकोशात लिहिताना असंच केलं होतं. दोन वेळा नाणं फेकून निदान एकदा तरी छापा, हा प्रश्न. त्याचं म्हणणं, पहिल्यांदाच छापा पडला तर खेळ संपला, मग उरल्या तीनच गोष्टी, छापा, काटा-छापा, काटा-काटा, म्हणून दोन तृतीयांश. खरं उत्तर तीन चतुर्थांश. त्या तीन गोष्टी मोजायला बरोबर आहेत, पण समसंभाव्य नाहीत, पहिलीचं वजन बाकीच्या दोघींच्या बेरजेएवढं आहे. आम्हाला नाव धड उच्चारता येत नव्हतं पण एक मोठा माणूस आपल्यासारखाच चुकतो याचा आनंद एवढा झाला की त्या आठवड्यात जो कोणी चुकेल त्याला द'आलांबेर म्हणायची पद्धत पडली.

फाशांचं उदाहरण सगळ्यांनीच केलंय, सहा बाय सहाचा तक्ता, छत्तीस चौकटी, बेरीज सात यायला सहा मार्ग आणि दोन यायला एकच, ते सोडून देते. खरी मजा कवड्यांची. चार कवड्या टाकल्या तर उताण्या किती पडतील, शून्य ते चार. तक्ता मांडला तर सोळा निष्पत्ती, त्यात शून्याची एक, एकाची चार, दोनाची सहा, तिनाची चार आणि चाराची एक. सुट्टीत आजीसोबत खेळणाऱ्या मुली लगेच म्हणाल्या, म्हणूनच आठचं दान एवढं अडतं, सगळ्या पालथ्या पडायला सोळातली एकच वाट. सरांनी मान हलवली आणि वहीवर बोट ठेवलं, ओळ कुठंय? कवडी उताणी आणि पालथी समसंभाव्य कशावरून? नाण्याच्या दोन बाजू जवळपास सारख्या, कवडीची एक बाजू फुगीर आणि एक चपटी. मग पूर्ण तासभर आम्ही कवड्या टाकून खुणा करत बसलो, आणि ज्यांच्याकडे कवड्या नव्हत्या त्यांनी एका बाजूने घासलेले चिंचोके आणले, त्यांचा हिशोब आणखीनच वेगळा निघाला. प्रत्येकाच्या चिंचोक्याची संभाव्यता वेगळी! कारण घासणारा हात वेगळा. त्या दिवशी कळलं की काही संभाव्यता बसल्या जागी विचार करून निघते आणि काही टाकून, मोजूनच काढावी लागते, आणि कुठली कशी हे पुस्तक नाही सांगत.

पत्त्यांबद्दल थोडं. पुस्तकात बावन्न पानांचा कॅट आहे आणि आपल्या शाळेतल्या निम्म्या मुलींच्या घरात पत्त्यांना हात लावायला बंदी, त्यामुळे किलवर म्हणजे काय आणि चित्राची पानं बारा का, गुलाम-राणी-राजा मिळून, एक्का का नाही, हे सगळं आम्हाला पाठ करावं लागायचं. उलट गणपतीत रात्र जागवणारी, मेंढीकोट खेळणारी पोरं, ज्यांना समीकरण म्हटलं की ताप यायचा, ती या एका धड्यात धडाधड उत्तरं द्यायची. दहाची पानं किती? मेंढ्या चार सर! मला तेव्हा हा चक्क अन्याय वाटायचा आणि आजही वाटतो, प्रश्न काढणाऱ्यांनी थोडा विचार करायला हरकत नाही. सरांनी तोडगा काढला, वर्गात कॅटच आणला, आणि नेमके हेडसर व्हरांड्यातून चालले होते. पुढचं सरांनाच विचारा.

लीप वर्षात त्रेपन्न रविवार येण्याची संभाव्यता दोन सप्तमांश, हे तर झोपेत सांगू शकतो आम्ही.

पण मला जे लिहायचंच होतं ते तीन मुलांचं उदाहरण. एका कुटुंबात तीन मुलं आहेत, निदान एक मुलगा असण्याची संभाव्यता किती? आठ निष्पत्ती, त्यातली तिन्ही मुली ही एक सोडली तर सात, उत्तर सात अष्टमांश, झालं. मी घरातली तिसरी मुलगी. माझ्या जन्माच्या आधी "दोन मुली झाल्यात, आता मुलगाच" असं गावातल्या प्रत्येकाने आईला सांगितलं होतं म्हणे, कुणी डोहाळ्यांवरून, कुणी पोटाच्या आकारावरून, आणि हे सगळं मी इतक्यांदा ऐकलेलं की हे उदाहरण फळ्यावर आल्यावर मान खाली घालून बसले होते. सरांना माहीत होतं की नाही माहीत नाही. त्यांनी एवढंच विचारलं, पहिल्या दोन वेळा काटा पडला तर तिसऱ्या नाण्याला ते कळतं का? नाही सर. मग तिसऱ्या वेळी मुलगा "आता तरी" व्हायला पाहिजे हे कुठून आलं? मग म्हणाले, ओळ लिहा. मुलगा आणि मुलगी समसंभाव्य कशावरून?

आम्ही लिहिलं, निसर्गात जवळपास सारखंच असतं. सर म्हणाले बरोबर, निसर्गात मुलगे किंचित जास्त जन्मतात, शंभर मुलींमागे साधारण एकशेपाच, पुस्तकाने सोयीसाठी अर्धं-अर्धं धरलंय, तेवढं चालतं. एकशेपाचाला शंभर म्हणजे हजार मुलांमागे साडेनऊशेच्या वर मुली पाहिजेत. मग त्यांनी फळ्यावर लिहिलं, 2011 ची जनगणना, महाराष्ट्र, शून्य ते सहा वयोगट, हजार मुलांमागे 894 मुली. आणि खाली शेजारच्या बीडचा आकडा, 807. कोणी काही बोललं नाही. सर म्हणाले, हा चिंचोका कोणीतरी घासलाय. बस, पुढचं उदाहरण घ्या. भाषण नाही, घोषणा नाही. बेटी बचाओच्या किती तरी प्रभातफेऱ्या मी त्याच गावात काढल्या असतील, लक्षात राहिली ती ही दोन वाक्यं.

सांख्यिकीत मात्र मला सुरुवातीला कंटाळा यायचा, खरं सांगते. वर्ग, वर्गमध्य, वारंवारता, संचित वारंवारता, सारणी आखायची, गुणाकार करायचे, बेरीज चुकली की सगळं वरपासून परत. मध्यक म्हणजे आकडे चढत्या क्रमाने मांडल्यावर बरोबर मधोमध येणारा, त्याच्या सूत्रात मध्यक वर्गाच्या आधीच्या वर्गाची संचित वारंवारता घ्यायची की त्याच वर्गाची यावर वर्गात कायम गोंधळ, आणि 10-19, 20-29 असे वर्ग दिले असतील तर आधी ते सलग करायचे, 9.5 ते 19.5, ते विसरलं की हातचे मार्क गेले. सरांनी पुस्तकातला विद्यार्थ्यांच्या उंचीचा डेटा बाजूला ठेवला आणि पाऊस आणला. तहसीलच्या पर्जन्यमापकाचे आकडे पेपरात यायचे, ते रोज फळ्याच्या कोपऱ्यात लिहायचे, आणि हवामान खात्याच्या हिशोबाने 2.5 मिलिमीटर किंवा जास्त पडला तरच तो पावसाचा दिवस धरायचा. मग जुलैचा मध्य, म्हणजे सरासरी, काढा, मध्यक काढा. मध्य भरपूर आला आणि मध्यक शून्य! म्हणजे महिन्यातले निम्म्याहून जास्त दिवस कोरडे, आणि सगळा पाऊस दोन-चार रात्रींत कोसळून गेलेला. सोयाबीनला विचारा ती कुठल्या आकड्यावर जगते. दहावी झाल्यावर दोन वर्षांनी, एप्रिल 2016 मध्ये, लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं तेव्हा टीव्हीवर सगळे सरासरीच्या इतके टक्के, तितके टक्के बोलत होते आणि आमच्या ग्रुपवर कोणीतरी टाकलं, मध्यक सांगा रे कोणीतरी.

29 जूनला संख्याशास्त्रज्ञ प्रशांतचंद्र महालनोबिस यांचा जन्मदिवस असतो, देशात 2007 पासून तो सांख्यिकी दिन म्हणून पाळतात, आपल्या शाळेत तो फक्त एका वर्गात पाळला जायचा. त्या दिवशी सर पीक कापणी प्रयोगाबद्दल सांगायचे, की अख्ख्या तालुक्याचं उत्पन्न काढायला सगळी शेतं मोजत नाहीत, काही शेतं आणि त्यातला एक ठरावीक मापाचा तुकडा रँडम निवडतात, आणि ही पद्धत भारतात बसवणाऱ्यांत आपले सातारा जिल्ह्यातले संख्याशास्त्रज्ञ पां. वा. सुखात्मे होते. रँडम म्हणजे डोळे मिटून बोट ठेवणं नाही, यावर त्यांचा फार जोर. डोळे मिटले तरी बोट चांगल्या कणसाकडेच जातं म्हणायचे.

आता मी बियाणं तपासणीच्या लॅबमध्ये काम करते, तेव्हा हे वाक्य रोजच्या कामाचं झालंय. शेतकरी पोत्याच्या वरची मूठभर सोयाबीन पिशवीत घालून आणतो, टपोरी, निवडलेली, आणि म्हणतो बघा ना मॅडम किती भारी आहे. आम्ही पोकळ सळई घालून पोत्याच्या वरून, मधून, तळातून काढतो, मिसळतो, त्यातले चारशे दाणे मोजतो आणि शंभर-शंभरच्या चार भागांत लावतो, पंचवीस डिग्रीला, आठव्या दिवशी शेवटची मोजणी. चारी भागांचे आकडे कधीच सारखे येत नाहीत आणि नवीन आलेली पोरं घाबरतात. घाबरायचं काही नाही, उगवण सत्तर टक्के असेल तर शंभराच्या एका भागात चार-पाचाचा फरक नुसत्या योगायोगानेच पडतो, नव्वद टक्के असेल तर तीनाचा, पन्नासच्या आसपास तर पाचाचा. फरक यापेक्षा फारच जास्त दिसला तर मग शोधायचं, पाणी कमी-जास्त झालं का, बुरशी आली का, नमुना नीट मिसळला होता का.

2020 च्या खरिपात पेरलेलं सोयाबीन उगवलंच नाही म्हणून मराठवाड्यात किती तक्रारी झाल्या ते इथे वाचणाऱ्या बहुतेकांच्या घरात माहीत आहे. तेव्हापासून घरचं बियाणं तपासून पेरा हे गावोगावी सांगणं चालू आहे. ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या ओळीत शंभर दाणे, वरून दुसरं ओलं गोणपाट, गुंडाळी करून सावलीत, आठवड्याने मोजा. सत्तर किंवा वर आले तर एकरी तीस किलो, कमी आले तर त्या प्रमाणात बियाणं वाढवा, साठ आले तर पस्तीस किलो. हे त्रैराशिक आहे फक्त. पण एकाच गुंडाळीत अडुसष्ट आले म्हणून बियाणं फेकून देणारे आणि बहात्तर आले म्हणून निर्धास्त होणारे दोघेही मी बघितलेत, अहो हे दोन्ही आकडे एकाच पोत्यातून येऊ शकतात, निदान तीन-चार गुंडाळ्या तरी लावा.

तर सुवर्णमहोत्सवाच्या कमिटीला एक विनंती. देणगी बॅचतर्फे दिलीच आहे, पण दहावीच्या वर्गाला येत्या मे महिन्यात, निकालाची वाट बघत बसण्याच्या दिवसांत, आणि नववीतून वर आलेल्यांनाही, ही चाचणी करायला द्या. प्रत्येकाने आपल्या घरच्या पोत्यातले दाणे आणायचे, वरवरचे नाही, तळातलेही. गोणपाट शाळेने द्यावं, सारणी आखायला मी स्वतः येते. सर येणार आहेत, विचारलंय. अर्धा मार्क कापायची तयारी ठेवूनच येतो म्हणालेत.