आमची वाटचाल : मिलिटरीचे ट्रक आणि पलूसचं काळं रान

अण्णा लष्कराच्या ईएमईमध्ये, म्हणजे गाड्या-यंत्रं दुरुस्त करणाऱ्या विभागात, मेकॅनिक होते. त्यांचं उभं आयुष्य शक्तिमान ट्रक दुरुस्त करण्यात गेलं. जर्मनीच्या मान कंपनीच्या परवान्यावर जबलपूरला तयार होणारा हा ट्रक १९९६ मध्ये बंद झाला. निवृत्तीनंतर अण्णांनी लिलावातला एक शक्तिमान घेतला, त्यावर विंच (वायररोप गुंडाळून ओढणारं यंत्र) आणि बूम (क्रेनचा लांब दांडा) चढवली आणि सांगली जिल्ह्यातल्या पलूसला क्रेनचं काम सुरू केलं. तोच धंदा आता आम्ही भाऊ सांभाळतो.

आमच्या भागाला ही गाडी लागतेच. परतीचा पाऊस लांबला आणि उसाची तोड सुरू झाली की भरलेल्या ट्रॉल्या पाणंदीतच बसतात. ट्रॅक्टरला ट्रॅक्टर जुंपला तरी पुढची चाकं उचलतात. शक्तिमाननंतर लष्करात आलेला अशोक लेलँडचा स्टॅलियन इथे फार उपयोगी पडतो. त्याला मागे जोडचाकं नाहीत, एकेकच मोठा टायर आहे. पुढच्या चाकाने दाबलेल्या चाकोरीतूनच मागचं चाक जातं, आणि जोडचाकांच्या मध्ये काळी माती ठासून बसण्याची भानगड राहत नाही.

पण खरी ओढ विंचची. ट्रक घट्ट जागेवर लावायचा, चाकं हलू नयेत म्हणून उटी द्यायची, ट्रॉलीला पुली बांधायची आणि वायररोप तिच्यातून फिरवून परत ट्रकलाच अडकवायचा. वेग निम्म्यावर येतो, ओढ जवळपास दुप्पट होते. रोपवर ओलं पोतं टाकल्याशिवाय आमच्याकडे विंच सुरू होत नाही. रोप तुटला तर चाबकासारखा उसळतो; पोत्याच्या वजनाने तो खाली बसतो. तरीही बघ्यांना लांब पिटाळणं हे त्यातलं सगळ्यात दमवणारं काम!

डांबरीवर आलं की पुढचा ॲक्सल आधी सोडवायचा, म्हणजे पुढच्या चाकांना जाणारी इंजिनची ताकद तोडायची, हे नव्या ड्रायव्हरला पहिल्याच दिवशी शिकवतो. वळणावर पुढची चाकं मागच्यांपेक्षा जास्त अंतर कापतात. चिखलात चाक घसरून तो ताण निघून जातो, डांबरीवर तो थेट ट्रान्सफर केसच्या, म्हणजे पुढच्या-मागच्या ॲक्सलला ताकद वाटणाऱ्या पेटीच्या, गिअरवर येतो.

गाड्या एमएसटीसी या सरकारी कंपनीच्या ऑनलाइन लिलावात मिळतात, त्याही ‘आहे तशा’. डेपोत उभ्या राहून ब्रेकची रबरं कडक झालेली असतात, टाकीत गाळ, बॅटरीचा पत्ता नाही. म्हणून देहूरोडच्या डेपोतून गाडी लो-बेड ट्रेलरवरच आणायची. असल्या ब्रेकच्या भरवशावर खंबाटकी घाट कोण उतरणार? ऑलिव्ह ग्रीन रंग नियमाने फक्त संरक्षण दलाच्या गाड्यांना, त्यामुळे पासिंगआधी आम्ही पिवळा मारतो.

एक ट्रक चालता ठेवायला दुसरा सुट्या भागांसाठी लागतो. त्यातही जे मिळत नाही ते इथेच घडतं. किर्लोस्करांच्या कारखान्याची किर्लोस्करवाडी १९१० पासून शेजारी असल्याने लेथवर हात बसलेली माणसं आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या आहेत. झिजलेला बुश (दांडा ज्यात फिरतो ती धातूची नळी) नमुना म्हणून दिला की तसाच नवा हातात येतो. ही माणसं नसती तर आमचे जुने ट्रक केव्हाच बंद पडले असते.

ऑगस्ट २०१९ च्या महापुरात सांगलीत कृष्णा ५७ फुटांवर गेली. धोक्याची पातळी आहे ४५. भिलवडीच्या बाजूला आम्ही चारा, दूध, पिण्याचं पाणी पोहोचवलं, पण फक्त साचलेल्या पाण्यातून. वाहत्या पाण्यात कितीही उंच ट्रक घालायचा नाही, हा अण्णांचा नियम. परतल्यावर डिफरन्शियलचा, म्हणजे ॲक्सलमधल्या गिअरपेटीचा, प्लग खोलायचा. ऑइल दुधी दिसलं की आत पाणी शिरलंय, लगेच बदलायचं.

आता फोन आला की आम्ही आधी विचारतो : माती कसली, वजन किती, ट्रक उभा करायला घट्ट जागा किती अंतरावर? ट्रॉली खचाखच भरलेली असेल तर निम्मा ऊस उतरवून ठेवायला सांगतो. मालक कुरकुरतात, मजुरी वाढते. पण चासी वाकली तर अख्खा हंगाम हातचा जातो, म्हणून त्याबाबतीत आम्ही ऐकत नाही.