कडप्प्याला स्क्रू बसत नाही हो! पाळणाघरातल्या ट्रॉल्यांना लॉक लावायचा माझा अनुभव

ते चाइल्ड लॉकचे व्हिडिओ ज्यांनी बनवलेत ना, त्यांच्या स्वयंपाकघरात कडप्पा नसणार हे नक्की. पाच मिनिटांत झालं म्हणे. आमच्याकडं अख्खा पावसाळा गेला.

मी बेळगावात, टिळकवाडीत घरीच पाळणाघर चालवते. बहुतेक पोरं दीड ते चार वर्षांची, आईबाप नोकरीवाले, सकाळी सोडतात संध्याकाळी नेतात. हॉल, बेडरूमचं पटापट झालं, त्यात सांगण्यासारखं काही नाही. स्वयंपाकघरातलं सामान हलवणं पण सोपंच. फिनेल, हार्पिक, सिंक तुंबलं की टाकायची ती पावडर (कॉस्टिक असते ती, तोंडापासून पोटापर्यंत जाळते), डांबरगोळ्या, सगळं माळ्यावर. विळी वर. शेंगदाण्याचा, फुटाण्याचा डबा पण वर, कारण एवढ्या पोरांच्या घशात ते अडकतात. आणि हो, फिनेल सुटं आणून पाण्याच्या बाटलीत भरून ठेवायची सवय असेल तर ती आजच मोडा, पोराला काय कळतंय त्यात पाणी नाही म्हणून.

सगळं अडलं ते कट्ट्याखालच्या ट्रॉल्यांवर. चमचे-सुऱ्यांची, डब्यांची आणि काचेच्या बरण्यांची. तेवढं सगळं काय माळ्यावर जात नाही, रोज लागतंय. शिवाय त्या ट्रॉलीत बोटं चेंगरतात ते वेगळंच.

आधी मी चिकटवायचे पट्टीवाले लॉक मागवले. घर भाड्याचं, मालकांनी आधीच सांगून ठेवलेलं की भोकं पाडायची नाहीत, म्हणून म्हटलं हे बरं. आता बेळगावातला जुलै तुम्हाला माहीत आहे, भिंतीला ओल, कपडे वाळत नाहीत, त्यात गॅसशेजारच्या शटरवर (ट्रॉलीच्या समोरच्या फळीवर) फोडणीचा चिकट थर. साबणानं पुसलं, कोरडं केलं, मेडिकलमधून स्पिरिट आणून परत पुसलं, दाबून धरलं, चोवीस तास हात लावला नाही. गुळगुळीत सनमायकावर, म्हणजे सिंकखालच्या दारावर, ते लॉक आजपण आहेत. पण ट्रॉल्यांचा सनमायका खरबरीत फिनिशचा, त्यावर टेप धरतच नाही. एक अडीच वर्षांचं कार्टं दोन्ही हातांनी ओढून, लॉक हातात घेऊन माझ्याकडं आलं, "मावशी, हे घे." मग काय बोलणार.

मग मॅग्नेटवाले लॉक. चीज चांगली आहे हां. खटका आत बसतो, बाहेरून काही दिसत नाही, मॅग्नेटची चावी शटरवर धरली की खटका सुटतो. आमचं शटर अठरा एमएम प्लायचं, त्यातून मॅग्नेट ओढतो. तुम्ही घेताना बॉक्सवर किती जाडीपर्यंत चालतं ते बघूनच घ्या, आणि शटर लोखंडी पत्र्याचं असेल तर घेऊच नका.

पण त्या खटक्याला अडकायला समोर काहीतरी पाहिजे ना! व्हिडिओत सगळीकडं लाकडी कपाट, बाजूला लाकडी फळी, घातला स्क्रू की झालं. आमच्या ट्रॉलीच्या दोन्ही बाजूला उभा कडप्पा. ट्रॉल्यांचे चॅनेल (ज्यावर त्या सरकतात त्या पट्ट्या) कडप्प्यातच बसवलेत की, असं तुम्ही म्हणाल, मीपण म्हटलं. तर ती भोकं आत, मागच्या बाजूला असतात. लॉकचा हुक अगदी पुढच्या कडेला येतो, आणि कडेला ड्रिल लावलं की कडप्प्याचा टवका उडतो. खडेबाजारातल्या हार्डवेअरवाल्यानं हे सांगितलं तेव्हा मला डोळ्यासमोर मालकांचा चेहराच दिसला. "काकी, कडी लावा की बाहेरून," म्हणाला. बाहेरून लावायला शटरच्या शेजारी लाकूड कुठाय बाबा? तिथंपण कडप्प्याची कडच.

शेवटी सुतार. आणि इथून पुढं माझं डोकं फिरलं. फोन केला की कानडीत "नाळे बर्तेनरी अक्का," म्हणजे उद्या येतो. दुसऱ्या दिवशी फोन बंद. मग म्हणे लग्नाचं काम लागलंय, मग पाऊस, मग खानापूरला गेलोय. छोटं काम ना, चार हुक बसवायचे, त्यात त्याला काय सुटणार, म्हणून येत नाही हे मला कळत होतं, पण मग सरळ नाही म्हण की! तोपर्यंत मी ट्रॉल्यांच्या हँडलमधून जुनी ओढणी ओवून गाठ मारून ठेवायची, चहाला चमचा लागला तरी गाठ सोडा. एका हातात रडणारं पोर असताना ती गाठ सोडून बघा म्हणजे कळेल.

शेवटी त्याला म्हटलं, लॉकबरोबर माळ्याचं दार आणि खिडकीची जाळीपण करायची आहे. आला. आणि बघून अर्ध्या तासात सोडवलं त्यानं! लाकडाची बोटभर जाडीची पट्टी कापली, कडप्पा सँडपेपरनं खरबरीत करून, पुसून, अराल्डाइटनं पट्टी आतल्या बाजूला चिकटवली, रात्रभर हात लावू नका म्हणाला, आणि सकाळी (हो, खरंच आला) त्या पट्टीत स्क्रूनं हुक बसवले. कडप्प्याला एक भोक नाही. मालक बघून गेले, काही बोलले नाहीत. एवढंच होतं तर आधी फोनवर सांगितलं असतंस तर मीच पट्टी चिकटवून ठेवली असती की रे!

जुन्या ट्रॉल्या चॅनेलवर थोड्या हलतात, त्यामुळं हुकाची खूण करताना ट्रॉली पूर्ण आत ढकलून मग पेन्सिल मारा, नाहीतर खटका लागतच नाही. दोन चाव्या ठेवा, एक फ्रिजच्या वरच्या बाजूला चिकटवून. आणि सिलिंडरच्या खणाला मॅग्नेट अजिबात नको, गॅसचा वास आला तर चावी शोधत बसणार का? तिथं मी वरच्या बाजूला साधी कडी लावलीय, सिंकसारखीच लाकडी चौकट आहे म्हणून जमलं. दाराला खाली फट ठेवलीय, कारण गॅस हवेपेक्षा जड, खाली साचतो.

सर्वात खालची एक ट्रॉली मुद्दाम उघडी ठेवलीय, त्यात प्लास्टिकचे डबे आणि स्टीलच्या वाट्या. आवाज होतो, पण बाकीच्या ट्रॉल्यांना कोणी हात लावत नाही.

एक राहिलंच. पोरानं काही गिळलंच तर उलटी करायला लावू नका, कॉस्टिक असेल तर येताना परत जाळतं. दिल्लीच्या एम्सचा विषबाधेचा नंबर १८०० ११६ ११७ आणि ॲम्ब्युलन्सचा १०८ फ्रिजवर लिहून ठेवलेत. रिमोटमधला किंवा वजनकाट्यातला बटण सेल गिळल्याचा नुसता संशय आला तरी सरळ दवाखाना गाठा, तो दोन तासांतपण अन्ननलिका भाजतो.

खिडकीची जाळी अजून झालेली नाही. नाळे बर्तेनरी म्हणालाय.