भडंगाची पुडी

आज सायंकाळी सांगलीत गणपती मंदिराजवळच्या एका गाड्यावर भडंग खात होतो. शेवटचा घास संपला आणि पुडीच्या तेलकट कागदावर कुणा बाईंच्या आधार कार्डाची झेरॉक्स दिसली, तीही हळदीच्या डागांखालून बाराच्या बारा अंक स्वच्छ वाचता येतील अशी. गाडेवाल्या काकांचा यात काय दोष, ते रद्दी किलोवर घेतात. कागदाचे बारीक तुकडे केले खरे, पण सिमकार्डासाठी, लॉजवर, भाडेकरारासाठी मी स्वतः दिलेल्या प्रती आठवतच घरी आलो. केवळ शेवटचे 4 अंक दाखवणारे मास्क्ड आधार यूआयडीएआय या आधार देणाऱ्या सरकारी संस्थेच्या संकेतस्थळावरून विनामूल्य मिळते, हे ठाऊक असूनही आळसाने कधी घेतले नव्हते. जेवणाआधी ते घेतले, बोटांचे ठसे वगैरे कुणाला वापरता येऊ नयेत म्हणून बायोमेट्रिक लॉक केले आणि आईचेही करायला बसलो, तर तिचा ओटीपी कधीच बंद पडलेल्या जुन्या क्रमांकावर गेला.