नॉयर शॉर्टफिल्म लॉग: सावलीला धार येईपर्यंत

सात आठवडे झाले. शूट बरंचसं उरकलंय, एडिटचा दुसरा ड्राफ्ट टाइमलाइनवर आहे, म्हणून आता सगळं एका जागी लिहून ठेवते, कारण महिन्याभराने मलाच आकडे आठवणार नाहीत, आणि तुमच्यापैकी कोणी कॉलेजच्या प्रोजेक्टला नॉयर, म्हणजे सावल्यांनी भरलेली जुन्या धाटणीची क्राइम फिल्म, करायचं ठरवत असेल तर आमचे पहिले तीन आठवडे ज्यात गेले त्यात तुमचे जाऊ नयेत.

फिल्म नऊ मिनिटांची, ब्लॅक अँड व्हाइट, फ्रेम चार बाय तीन. एक टायपिस्ट आहे, रात्री उशिरापर्यंत काम करणारा. एक बाई येते, म्हणते नवरा आजारी आहे, हात थरथरतो, त्याच्या नावाने पत्रं टाइप करून हवीत. तिसऱ्या पत्राला त्याला कळतं की नवरा जिवंतच नाहीये. आणि तरी तो चौथं पत्र टाइप करतो. बस एवढीच गोष्ट. दोन कलाकार, क्रू पाच जण, जागा तीन: खोली, जिना, गल्ली.

पहिल्या ड्राफ्टमध्ये ती त्याला शेवटपर्यंत फसवते आणि शेवटी ट्विस्ट, असं होतं. वाचून दाखवल्यावर कॅमेरा करणारा मित्र एवढंच म्हणाला, "अगं पण मग ह्याने काय केलं?" आणि मला झोपच लागली नाही, कारण खरंच त्याने काहीच केलं नव्हतं, त्याच्यासोबत सगळं घडत होतं. मग कळण्याचा क्षण उचलून चौथ्या मिनिटाला आणला, आता उरलेली पाच मिनिटं माहीत असूनही तो पुढे जातो. माझ्या मते नॉयर इथे आहे. हॅट, पाऊस, धूर हे नंतर. ज्यांनी १९४० च्या दशकात त्या फिल्म्स बनवल्या त्यांच्याकडे तर हे नावही नव्हतं, 'फिल्म नॉयर' हा शब्द त्या अमेरिकन फिल्म्सना नीनो फ्रांक ह्या फ्रेंच समीक्षकाने १९४६ मध्ये लावला. ते लोक आपापली क्राइम मेलोड्रामा बनवत होते. हे वाचल्यावर मी भिंतीवर चिकटवलेली 'नॉयरमध्ये काय काय हवं' ही चेकलिस्ट काढून टाकली.

पहिली टेस्ट: काळोख आणि अंडरएक्सपोजर

इथे आम्ही सगळ्यात मोठी चूक केली. डार्क लुक हवा म्हणून खोलीत एक दिवा ठेवला, एक्सपोजर खाली ओढलं आणि शूट केलं. कॅमेऱ्याच्या छोट्या स्क्रीनवर भारी दिसलं. मोठ्या मॉनिटरवर टाकलं तर सगळं राखाडी, मळकं, नॉइजने भरलेलं, आणि मुख्य म्हणजे कुठेच काळं नाही. वेव्हफॉर्म, म्हणजे चित्रातला उजेड खालून वर दाखवणारा आलेख, उघडून बघितला तर सगळं चित्र तळाच्या पाव भागात गोळा झालं होतं, वर एक टिपूस नाही.

तेव्हा डोक्यात प्रकाश पडला की काळं हे शेजारच्या पांढऱ्यामुळे काळं दिसतं. फ्रेममध्ये एक तरी गोष्ट खरोखर उजळ पाहिजे, गालाची कड, कागद, खिडकीची पट्टी काहीही, मग बाकीचं बुडालं तरी डोळ्याला ते मुद्दाम बुडवलेलं वाटतं. दुसऱ्या टेस्टला आम्ही उलट केलं: आयएसओ (कॅमेऱ्याची उजेडाला संवेदनशीलता) ८००, की लाइट, म्हणजे मुख्य दिवा, भरपूर, चेहऱ्याची उजेडातली बाजू नीट एक्सपोज केली आणि सावलीची बाजू तीन स्टॉप खाली (एक स्टॉप खाली म्हणजे उजेड निम्मा), म्हणजे आठास एक. कधीकधी चार स्टॉप. ग्रेडमध्ये, म्हणजे नंतर चित्राचा उजेड आणि रंग जुळवताना, काळं आणखी खाली ढकलता येतं, पण जे रेकॉर्डच झालं नाही ते वर आणता येत नाही, नॉइज येतो फक्त.

आणि भिंत. आमची खोली लहान, भिंती फिकट, दिवा लावला की भिंतीच फिल लाइटचं, म्हणजे सावली उजळवणाऱ्या दिव्याचं, काम करायला लागतात. ह्यावर उपाय अंतराचा निघाला. प्रकाश अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात घटतो, हे शाळेत शिकलो होतो पण पहिल्यांदा हाताने वापरलं. दिवा कलाकारापासून एक मीटरवर आणि भिंत दिव्यापासून तीन मीटरवर असेल तर भिंतीला नवव्या हिश्शाएवढा उजेड मिळतो, म्हणजे तीन स्टॉपहून थोडा जास्तच खाली. म्हणून कलाकाराला भिंतीपासून ओढून खोलीच्या मध्यात आणा आणि दिवा त्याच्या जवळ न्या. टेबलच दीड मीटर पुढे सरकवलं आम्ही. उरलेलं काम काळ्या चादरींनी केलं, कॅमेऱ्याच्या बाजूच्या भिंतीवर टांगल्या म्हणजे बाउन्स येत नाही.

पट्ट्यांची सावली

खिडकीच्या पडद्याच्या पट्ट्या भिंतीवर पडायला हव्या होत्या. माहितीये, सगळेच करतात. पण आमच्याकडे ती टायपिस्टच्या टेबलावरच्या कोऱ्या कागदावरही पडते आणि त्याच्यावर ओळी आखल्यासारखी दिसते, त्या एका शॉटसाठी मी हट्ट धरला.

खरा ब्लाइंड नव्हता, काळ्या जाड कार्डबोर्डमध्ये अडीच सेंटिमीटरच्या फटी कापल्या. सॉफ्टबॉक्स (उजेड मऊ करणारा, कापड लावलेला मोठा दिवा) लावला एक मीटरवर, मागे एक मीटरवर भिंत. भिंतीवर काय आलं? काहीच नाही, एक धूसर डाग. गणित नंतर केलं: सावलीच्या कडेचा धूसरपणा म्हणजे दिव्याची रुंदी गुणिले फटीपासून भिंतीपर्यंतचं अंतर, भागिले दिव्यापासून फटीपर्यंतचं अंतर. साठ सेंटिमीटरचा सॉफ्टबॉक्स, दोन्ही अंतरं एक मीटर, म्हणजे कड साठ सेंटिमीटर धूसर, तिथे अडीच सेंटिमीटरच्या पट्टीचं काय होणार! मग सॉफ्टबॉक्स काढला, डिफ्यूजर काढला, नुसता उघडा एलईडी, चकतीची रुंदी साधारण दोन सेंटिमीटर, तो चार मीटर मागे दाराबाहेर नेला. धूसरपणा अर्धा सेंटिमीटर. पट्ट्या अशा आल्या की आम्ही सगळे गप्प झालो.

किंमत मात्र मोजावी लागते. एक मीटरवरून चार मीटरवर गेलं की उजेड सोळापट कमी, चार स्टॉप गेले. म्हणून ह्या शॉटला लेन्स उघडावी लागली आणि फोकस पुलरचे (फोकस जुळवत राहणाऱ्याचे) हाल झाले. फ्रेनेल लेन्स (दिव्यासमोरची, उजेड एकवटणारी) लावून बघितली, उजेड वाढतो पण लेन्स स्वतःच मोठा सोर्स होते, कड परत मऊ पडते. फ्रेनेल वापरणार असाल तर फ्लडवर (पसरट झोत) ठेवा, स्पॉटपेक्षा (एकवटलेला झोत) सावली धारदार येते.

डोळे

हॅटची कड खाली असली की डोळ्यांच्या जागी दोन खड्डे दिसतात. एका-दोन शॉटमध्ये तेच हवं होतं, पण ज्या क्षणी त्याला कळतं तिथे डोळे दिसायलाच पाहिजेत, नाहीतर फिल्मच कोसळते. लेन्सच्या अगदी शेजारी एक छोटा दिवा, जवळपास विझलेला म्हणावा इतका मंद. सावली तशीच राहते आणि बुबुळात एक ठिपका येतो. ह्याला ओबी लाइट म्हणतात, १९४४ च्या 'द लॉजर' फिल्मच्या वेळी कॅमेरामन लूसियन बॅलार्डने नटी मर्ल ओबेरॉनसाठी बनवला, मोटार अपघाताच्या खुणा दिसू नयेत म्हणून. आमचा म्हणजे मोबाईलचा टॉर्च, वर तीन पदरी टिश्यू पेपर. चालतो.

रंग, जे दिसणार नाहीत ते

कॅमेऱ्यात मोनोक्रोम प्रोफाइल लावून शूट करायचा मोह होतो. रॉ (सेन्सरचा मूळ डेटा) शूट करत असाल तर रंग मागे शाबूत राहतात, पण आमच्यासारखं कॉम्प्रेस्ड फाइलमध्ये करत असाल तर रंग कायमचे गेले. आणि रंग हवेत, कारण राखाडी कशी बनवायची हे नंतर ठरवता येतं. बाईचा ड्रेस मरून, मागची भिंत हिरवट, डोळ्यांना एकदम वेगळे, आणि ब्लॅक अँड व्हाइट केल्यावर दोन्ही एकच राखाडी! ती भिंतीत विरघळून गेली होती अक्षरशः. मोनोक्रोम मिक्सरमध्ये लाल चॅनल वाढवल्यावर ड्रेस आणि त्वचा उजळली, भिंत खाली गेली, ती पुढे आली. पण लाल वाढवला की लाल लिपस्टिकही फिकट होते, ओठ पुसल्यासारखे दिसतात, मग पुढच्या शूटला गडद जांभळट शेड वापरली. आता प्रत्येक कपडा, प्रत्येक वस्तू आधी फोनच्या मोनो फिल्टरमधून बघते. परफेक्ट नाही पण मोठे घोळ कळतात.

गल्ली

दोन रात्री. पहिली वाया गेली.

कोरडा रस्ता रात्री नुसता काळा खड्डा दिसतो. ओला केला की प्रत्येक दिवा दोनदा दिसतो. पण पाणी टाकलं म्हणजे झालं असं नाही, दिवा कॅमेऱ्याच्या समोरून, म्हणजे कलाकाराच्या पाठीमागून यायला हवा आणि कॅमेरा गुडघ्याखाली, तरच चमक लेन्सकडे परावर्तित होते. आम्ही पहिल्या रात्री दिवा कॅमेऱ्याच्या बाजूने लावला होता, बादल्याच्या बादल्या ओतल्या आणि फरक शून्य. वर रस्ता पंधरा-वीस मिनिटांत सुकायला लागतो, तर पाणी रिहर्सल झाल्यावर, टेकच्या आधी. आणि हे कळकळीने सांगते: पाणी आणि वायर एकत्र नको. दुसऱ्या रात्री आम्ही फक्त बॅटरीवरचे दिवे वापरले आणि एक माणूस दुसरं काहीही न करता तेवढंच बघत उभा होता.

पहिल्या रात्रीचं दुसरं नुकसान फ्लिकर. सेकंदाला २४ फ्रेम, शटर १/४८ सेकंद, आणि मागे रस्त्यावरचा एलईडी. वीज ५० हर्ट्झची असेल तर दिवा सेकंदाला शंभर वेळा धडधडतो, १/४८ त्याच्याशी जुळत नाही, फ्रेममध्ये मंद पट्टे सरकतात. शटर १/५० केलं की संपलं. जिथे ६० हर्ट्झ आहे तिथे १/६०. एका आकड्याचा प्रश्न होता आणि सहा माणसांची रात्र गेली, त्यातली बाई करणारी मैत्रीण तर ताप असताना आली होती. तिची मी मनापासून माफी मागितली.

गल्लीचं दुसरं टोक मात्र आम्हाला दाखवताच येत नव्हतं, तिथे रंगीत पाट्या, गाड्या, सगळं आजचं. हेझ मशीन (हवेत विरळ धुकं सोडणारं यंत्र) लावून ते टोक पांढऱ्या धुक्यात बुडवलं. ही युक्ती जुनीच आहे, १९४५ च्या 'डिटूर' फिल्ममध्ये जवळपास सेटच नव्हता म्हणून न्यूयॉर्कचा रस्ता धुक्यात गुंडाळलाय. हवेत काहीतरी असलं की उजेडाला शरीर मिळतं. 'डबल इंडेम्निटी' फिल्मला (१९४४) कॅमेरामन जॉन साइट्झने घरातली धूळ दिसावी म्हणून अॅल्युमिनियमची भुकटी हवेत उडवली होती, तसं कोणी आज करू नका, फुफ्फुसं आपली आहेत. खोलीत हेझ वापरताना खिडकी आधी उघडायची आणि स्मोक अलार्म कुठे आहे ते आधी बघायचं.

आवाज

व्हॉइसओव्हर मी ६४० शब्दांचा लिहिला होता आणि प्रत्येक वाक्यावर माझं प्रेम होतं. चित्रावर ठेवून ऐकलं तर तो दिसतंय तेच सांगत होता. "ती आत आली." दिसतंय की आत आली. मग एकच नियम: शॉट जे सांगतो ते आवाजाने सांगायचं नाही. २१० शब्द उरले. उरलेल्यांत सगळ्यात जवळचं वाक्य: "तिसऱ्या पत्रात तिने नवऱ्याचं वय चुकवलं, मी दुरुस्त केलं." चित्रात फक्त त्याची बोटं आहेत.

रेकॉर्डिंग कपाटात, चहूबाजूंनी रजया, माइक तोंडापासून एक वीत. कलाकाराने आधी खूप भावना ओतून वाचलं, तो चांगला नट आहे, पण ऐकायला खोटं वाटलं. मग मी त्याला म्हटलं, हे सगळं होऊन गेलंय, तुला शेवट माहितीये, तू फक्त हिशोब वाचतोयस. तो टेक ठेवलाय. लोकेशन साउंडसाठी एक टीप, घरघर नको म्हणून फ्रिज बंद करताना घराच्या किल्ल्या फ्रिजमध्ये ठेवा, म्हणजे परत चालू करायला विसरणार नाही.

आत्ता कुठे आहोत

डाविंची रिझॉल्व्ह ह्या एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये ग्रेड सुरू आहे. ८ बिट फाइल (म्हणजे उजेडाच्या छटा मोजक्याच) असल्यामुळे भिंतीवरच्या उजेडापासून अंधारापर्यंतच्या उतारात पायऱ्या दिसत होत्या, बारीक ग्रेन (जुन्या फिल्मसारखे दाणे) टाकल्यावर त्या मोडल्या. पण एक्सपोर्टचा बिटरेट कमी ठेवला की कॉम्प्रेशन ग्रेनच खाऊन टाकतं आणि चौकोन परत येतात, तर बिटरेट जेवढा परवडेल तेवढा वर. नॉयरचा कॅमेरामन जॉन आल्टनचं १९४९ चं 'पेंटिंग विथ लाइट' पुस्तक आत्ता वाचतेय, शूटच्या आधी वाचायला हवं होतं.

जिन्याचा शेवटचा शॉट राहिलाय. तो पत्र घेऊन खाली उतरतो आणि त्याची सावली त्याच्याआधी खाली पोचते. दिवा वरच्या मजल्यावर, उघडा, त्याच्या पाठीशी, म्हणजे सावली पुढे पडते. मागच्या शनिवारी टेस्ट केली तर सावली सहाव्या पायरीपर्यंतच जाते, खालच्या कठड्याच्या आड जाऊन संपते. दिवा आणखी खाली, जवळजवळ जमिनीला टेकवून बघायचाय, म्हणजे सावली लांबेल. ह्या रविवारी जिना पुन्हा मिळालाय, रात्री नऊ ते बारा.