म्हणे चप्पल आखडली

आमच्या आप्पांना ‘दम लागतो का?’ असं विचारून उपयोग नाही. ‘छ्या! मला काय धाड भरलीया?’ हे उत्तर ठरलेलं. वय 76, 30 वर्षं एसटी चालवलेली. आणि खोटंही बोलत नव्हते बिचारे. ज्यात दम लागेल ते ते त्यांनी हळूहळू सोडून दिलं होतं. आम्हाला ते वर्षभर दिसलंच नाही.

आधी पहाटे रंकाळ्याला पुरी फेरी व्हायची. मग शालिनी पॅलेसवरून परत फिरू लागले. दिवाळीनंतर टॉवरजवळच्या बाकावरच मुक्काम. माडीवर झोपायचे ते खाली सोप्यात आले, ‘जिना निसरडा हाय’ म्हणून. एका उशीच्या दोन झाल्या, मग पाठीला लोड. एकदा रात्री दोनला पाहिलं तर खुर्चीत बसलेले. म्हणाले, ‘उकडतंय.’ जानेवारीत!

कहर चप्पलचा. ‘ही आखडली, दुसरी आण.’ कोल्हापुरी आधी चावते, मग सैल पडते, हे इथल्या शेंबड्या पोराला ठाऊक. भर थंडीत, न भिजता ती आखडेल कशी? तरी मी मुकाट्यानं एक नंबर मोठी आणली.

डॉक्टरांनी नडगीवर अंगठा दाबून धरला. काढला तरी खळगा तसाच, कणकेत बोट रुतवल्यासारखा. चप्पल आखडली नव्हती, पाय सुजले होते. ईसीजी, रक्त, टूडी इको म्हणजे हृदयाची सोनोग्राफी. इकोत पंपिंग 60 टक्के पाहून मला घामच फुटला. डॉक्टर म्हणाले, ते नॉर्मलच आहे, प्रत्येक ठोक्याला शंभर टक्के रक्त कुणाचंच हृदय बाहेर टाकत नाही. दुखणं ढकलण्याचं नव्हतं, भरण्याचं होतं. जुन्या बीपीनं हृदयाची भिंत जाड आणि ताठ झालेली. ती नीट सैलावत नाही, मग मागे फुप्फुसात दाब वाढतो. आडवं पडलं की पायातलं पाणी वर येतं आणि श्वास कोंडतो. म्हणून त्या उशा.

मग विचारलं, ‘गुडघ्याला काय घेता?’ आप्पांनी खिशातून पाकीट काढलं. मेडिकलमधून आणलेली दुखण्यावरची गोळी, रोज दोन. तसल्या गोळ्यांनी अंगात मीठ-पाणी धरून राहतं, बीपीही चढतं. आणून द्यायची मीच.

छातीत मात्र कधीच दुखलं नव्हतं, त्या भरवशावर आम्ही निर्धास्त. वय झालेल्यांना, त्यातून आप्पांसारखी शुगर असली तर, हार्ट अटॅकसुद्धा न दुखता येऊ शकतो. नुसता एकाएकी दम, गार घाम, गळून गेल्यासारखं. तसं झालं तर सकाळची वाट न बघता 108 ला फोन करून अॅम्ब्युलन्स.

आता लघवीची गोळी आहे. रोज चहाआधी वजन करून कॅलेंडरवर लिहायचं. दोन-तीन दिवसांत दोन किलो वाढलं तर ते पाणी, लगेच डॉक्टरांना फोन. पांढरा रस्सा वाटीभर, लोणचं-पापड बंद. खर्ड्यावरून घरात जे रामायण झालं ते इथं लिहीत नाही.

दमाचं विचारणं मी सोडलंय. काल विचारलं, ‘आप्पा, शालिनी पॅलेसपर्यंत किती वेळा बसलात?’

‘एकदा. ते बी वळकीचा माणूस भेटला म्हणून.’


‘कोण?’

‘नाव इसरलो.’