भिंतीवरचा तो अनवाणी माणूस कोण, तुम्ही विचारलंत म्हणून

माझ्या क्लिनिकमध्ये ट्रॅक्शनच्या, म्हणजे मान-कंबरेला ताण द्यायच्या टेबलासमोर एक फोटो लावलाय. त्या टेबलावर माणूस वीस मिनिटं आडवा असतो, मान हलवायची नाही, मोबाईल बघायचा नाही, मग बघायला तेवढाच फोटो उरतो, त्यामुळे प्रत्येकजण तोच प्रश्न विचारतो. "मॅडम, ह्यो कोण ओ? घरातलं कोण हाय का?" गोरा, केस विस्कटलेले, रिंगच्या दोरीवरून झेप घेतलेला आणि पायात काही नाही. आमच्याकडे येणारे अर्धे पेशंट पैलवान, कुणाचा गुडघा, कुणाचा खांदा, त्यांना अनवाणी पायाचं काय कौतुक, मातीत सगळेच अनवाणी. पण ह्याच्या शेजारी बाकीच्यांच्या पायात गुडघ्यापर्यंत बूट दिसतात म्हणून ते विचारतात, आणि मी दरवेळी सांगते "नंतर सांगते" आणि नंतर काही सांगणं होत नाही, पुढचा पेशंट आत आलेला असतो. तर एकदाच लिहून टाकते.

ह्याचं नाव केविन वॉन एरिक. अमेरिकेत टेक्सासमधला.

माझ्या दादाला लहानपणी डब्ल्यूडब्ल्यूएफचं, म्हणजे टीव्हीवरच्या अमेरिकन कुस्तीचं वेड होतं. व्हिडिओ लायब्ररीतून कॅसेट आणायचा, दहा रुपये भाडं, आणि रिवाइंड न करता परत दिली म्हणून शिव्या खायचा. त्याचा आवडता होता टेक्सास टोर्नेडो. म्हणजे केरी वॉन एरिक, केविनचा धाकटा भाऊ. १९९० च्या समरस्लॅममध्ये मिस्टर परफेक्टला पाडून त्याने इंटरकॉन्टिनेंटल बेल्ट, म्हणजे अजिंक्यपदाचा पट्टा जिंकला ती मॅच दादाने किती वेळा लावली असेल देव जाणे. अंगाने असा की घोटीव शिल्प. दादा आरशासमोर तसा उभा राहायचा, बरगड्या मोजून घ्याव्यात अशी अंगलट, आणि आई हसायची.

त्या मॅचमध्ये केरीच्या उजव्या बुटात पाऊल नव्हतं.

हे मला फिजिओथेरपीचं शिक्षण झाल्यावर बऱ्याच वर्षांनी कळलं आणि मी ती मॅच परत शोधून बघितली, फक्त त्याच्या पायाकडे. जून १९८६ मध्ये मोटरसायकलचा अपघात झाला होता. पाऊल वाचवायचा प्रयत्न झाला, पण केविनने नंतर सांगितलं ते असं की हा बाबा बरं व्हायच्या आधीच त्या पायावर उठून चालला, आणि शेवटी पाऊल कापावं लागलं. आणि मग तो परत रिंगमध्ये आला, कृत्रिम पाऊल बुटात घालून, आणि कुणाला सांगितलंच नाही. इतर पैलवानांसमोर बूट काढायचा नाही, अंघोळीलासुद्धा नाही अशा आठवणी लोक सांगतात. १९८८ साली लास वेगासला एका मॅचमध्ये समोरच्याने पाय ओढला आणि अख्खा बूट हातात आला, हा घाईघाईने रिंगखाली शिरला आणि बूट चढवून बाहेर आला. मी फिजिओ म्हणून सांगते, स्टंपवर, म्हणजे कापून उरलेल्या पायावर सगळं वजन टाकून उडी मारायची, वर समोरचा अंगावर घ्यायचा, हे दुखणं काय असेल याचा विचारसुद्धा करवत नाही. ते दुखणं दाबायला गोळ्या, मग गोळ्यांसाठी आणखी गोळ्या, मग खोट्या प्रिस्क्रिप्शनची केस, मग कोकेन. आमच्याकडे जत्रेच्या सीझनला गुडघ्यात इंजेक्शन घेऊन उतरणारी पोरं बघते तेव्हा मला तो बूटच दिसतो.

"पण ते तर सगळं खोटं असतंय की मॅडम." हा पुढचा प्रश्न, ठरलेला. हो, निकाल आधी ठरलेला असतो, आपल्याकडे नुरा कुस्ती म्हणतात तसं. पण पडणं खरं असतं ओ. फळीवर पाठ आपटते ती खरीच आपटते, आठवड्यातून चार-पाच वेळा.

आता मूळ गोष्ट. ह्यांचे वडील जॅक अ‍ॅडकिसन, १९२९ सालचा जन्म, टेक्सासमधल्या ज्युएट गावचे. कॉलेजात फुटबॉल खेळलेला माणूस, मग कुस्तीच्या धंद्यात आला आणि त्याला सोंग मिळालं जर्मन खलनायकाचं. नाव फ्रिट्झ वॉन एरिक. महायुद्ध संपून दहा वर्षंही नीट झाली नव्हती, लोकांनी शिव्या घालाव्यात म्हणूनच ते नाव. डाव एकच, आयर्न क्लॉ, म्हणजे पंजाने समोरच्याचं कपाळ धरायचं आणि दाबत राहायचं. पुढे टेक्सासमध्ये तो हीरो झाला, स्वतःच कंपनी चालवायला लागला, डॅलसमधल्या स्पोर्टॅटोरियम नावाच्या पत्र्याच्या इमारतीत दर आठवड्याला कुस्त्या आणि त्या टीव्हीवर. सोंगाचं आडनाव सगळ्या पोरांना लागलं. घरात अ‍ॅडकिसन, बाहेर वॉन एरिक.

पोरं सहा. पहिला जॅक ज्युनियर, १९५९ मध्ये नायगारा फॉल्स गावात सहा वर्षांचा असताना गेला, ट्रेलरला हात लागून शॉक बसला आणि तो बर्फ वितळून साचलेल्या पाण्यात पडला, बुडाला. तेव्हा केविन दोन वर्षांचाही नव्हता, त्याच्या पाठचा डेव्हिड सात-आठ महिन्यांचा. म्हणजे केविन जन्माने दुसरा, पण चालायला शिकला न शिकला तोच थोरला झाला. मग केरी, माईक, आणि सगळ्यात शेवटी १९६९ चा क्रिस.

१९८२-८३ कडे केविन, डेव्हिड आणि केरी म्हणजे टेक्सासमध्ये काय होते हे आपल्याकडच्या माणसाला सांगायचं तर, गावात हिंदकेसरी आल्यावर जी गर्दी होते ना ती, आणि त्यात निम्म्या किंचाळणाऱ्या कॉलेजच्या पोरी. त्यांचे कार्यक्रम पार इस्रायलमध्ये लागायचे, तिकडेही ते स्टार. डेव्हिड सगळ्यात उंच, साडेसहा फुटांच्या वर, बोलायला तयार, कुस्तीची अक्कल त्याला सगळ्यात जास्त असं म्हणतात, आणि जागतिक बेल्ट पुढे त्यालाच मिळणार असं सगळे धरून चालले होते. फेब्रुवारी १९८४ मध्ये तो जपानच्या दौऱ्यावर गेला आणि टोकियोच्या हॉटेलच्या खोलीत मेलेला सापडला. पंचवीस वर्षांचा. अधिकृत कारण आतड्यांचा तीव्र दाह. ड्रग्जच्या अफवा आहेत, त्या धंद्यातली माणसं आजही भांडतात त्यावरून, मला त्यात पडायचं नाही.

मला पडायचंय त्याच्या पुढच्या गोष्टीत. कारण लोक ह्या घराण्याला शाप होता म्हणतात, इंग्रजी वर्तमानपत्रं पण तेच म्हणतात, आणि मला ते अजिबात पटत नाही. शाप म्हटलं की कुणी काही केलंच नाही असं होतं. मला दिसतं ते वेगळंच. ह्या घरात माणूस गेला की त्याची जागा रिकामी ठेवायची नाही, असा जणू नियमच होता.

बघा. डेव्हिड गेला फेब्रुवारीत, ६ मे ला टेक्सास स्टेडियममध्ये त्याच्या स्मरणार्थ मोठा कार्यक्रम, तीस हजारांच्या वर माणूस, आणि तिथे केरीने तेव्हाचा चॅम्पियन रिक फ्लेअर याला हरवून जागतिक बेल्ट जिंकला. भावाच्या नावाने. सगळं स्टेडियम रडत होतं. अठरा दिवसांनी जपानमध्येच, योकोसुकाला, तो बेल्ट परत फ्लेअरकडे गेला. मी ती क्लिप बघते तेव्हा केरीचा चेहरा आनंदाचा आहे की कसला ते मला अजून कळलेलं नाही, त्याच्याकडे रडायला वेळ कुठे होता, त्याला तर मॅच होती.

मग माईक. ह्या पोराला कुस्ती नको होती हो. गिटार वाजवायचा, कॅमेरामागे काम करायची आवड. अंगाने बारीक. पण डेव्हिडची जागा रिकामी, म्हणून हा पुढे. १९८५ मध्ये इस्रायलच्या दौऱ्यात खांदा दुखावला, परत येऊन ऑपरेशन, आणि त्यानंतर टॉक्सिक शॉक सिंड्रोम, ताप १०७ पर्यंत. १०७ म्हणजे मेंदू भाजून निघतो. जगेल असं कुणाला वाटत नव्हतं, पण जगला, आणि खंगलेल्या अवस्थेत त्याला पत्रकारांपुढे बसवलं, चालताबोलता चमत्कार म्हणून. वजन उतरलेलं, बोलणं अडखळतं. अशा पेशंटला मी सहा महिने फक्त चालायला शिकवलं असतं. तो पुढच्या वर्षी रिंगमध्ये होता. एप्रिल १९८७ मध्ये त्याने स्वतःचा जीव घेतला, तेवीस वर्षांचा होता.

मध्येच अजून एक किस्सा, हसावं की काय कळत नाही असा. त्याच काळात माणसं कमी पडायला लागली म्हणून लान्स वॉन एरिक नावाचा एक चुलत भाऊ आणला. नात्याचा ना गोत्याचा, धडधाकट पोरगा बघून आडनाव चिकटवलं. नंतर फ्रिट्झने टीव्हीवर स्वतःच सांगून टाकलं की हा आमचा कुणी नाही, आणि लोक जाम चिडले. बरोबर आहे ना, निकाल ठरलेला चालतो लोकांना, रक्त ठरवून दिलेलं चालत नाही.

आणि माईक जाऊन आठ महिने झाले असतील, १९८७ च्या नाताळच्या कार्यक्रमात फ्रिट्झ स्वतः रिंगजवळ कोसळला. सोंग! हृदयविकारासारखं काहीतरी झाल्याचं नाटक, पुढे त्याच्या तब्येतीच्या बातम्या देत राहायचे म्हणजे लोक तिकीट काढतील. ज्या घरातली खरी मयत अजून ताजी होती त्या घराने खोटं मरण विकायला काढलं. मी ह्या माणसाला राक्षस म्हणत नाही, पहिलं पोर गेलं तेव्हा तो तीस वर्षांचाही नव्हता, आणि कदाचित त्याला दुःखाचं दुसरं काय करतात हे माहीतच नसेल. पण शाप नाही म्हणवत मला.

क्रिसचं तर काळीजच तुटतं. भाऊ सगळे सहा फुटांच्या वरचे, हा साडेपाच फुटांचा. लहानपणापासून दमा, त्यासाठी स्टिरॉइडच्या गोळ्या, त्या गोळ्यांनी हाडं ठिसूळ. साधा डाव टाकताना हाड मोडायचं. पण त्याला मात्र मनापासून कुस्ती हवी होती, माईकच्या बरोबर उलट. सप्टेंबर १९९१ मध्ये, बावीस पूर्ण व्हायला अठरा दिवस बाकी असताना, त्यानेही माईकसारखाच स्वतःचा जीव घेतला. २०२३ मध्ये ह्या घराण्यावर मोठा चित्रपट आला त्यात क्रिस नाहीच, काढूनच टाकला, एवढी मरणं प्रेक्षकांना झेपणार नाहीत म्हणून. जिवंतपणी उंचीत बसला नाही आणि मेल्यावर गोष्टीतही नाही.

१९९३ च्या फेब्रुवारीत, ड्रग्जच्या नव्या आरोपाच्या दुसऱ्याच दिवशी, केरीने वडिलांच्या रँचवर स्वतःला संपवलं. तेहतीस वर्षांचा. दादाला ही बातमी कितीतरी उशिरा कळली, कुठल्यातरी जुन्या मासिकातून, आणि त्याने फक्त एवढंच विचारलं, "बेल्ट कुणाकडं गेला मग?" चौदा-पंधरा वर्षांचं पोर ते. केरीच्या आई-वडिलांचा तो जायच्या आदल्या वर्षी, बेचाळीस वर्षांच्या संसारानंतर घटस्फोट झाला होता. फ्रिट्झ १९९७ मध्ये कॅन्सरने गेला, सहापैकी पाच मुलं त्याच्याआधी.

उरला हा. अनवाणी. बुटांची गोष्ट अशी सांगतात की कुणीतरी चेष्टेत त्याचे बूट लपवले, मॅचची वेळ झाली, हा तसाच गेला आणि मग तसाच खेळत राहिला. डोक्याला मार त्यालाही बसले, गुडघे त्याचेही गेले, पण १९९५ च्या सुमारास त्याने थांबवलं. बायको, चार मुलं, पुढे सगळे हवाई बेटांवर राहायला गेले. त्याचे दोन मुलगे, रॉस आणि मार्शल, कुस्तीच खेळतात, तेही अनवाणी. २०१७ मध्ये तेल अवीवला हा साठीचा गडी त्यांच्याबरोबर एक मॅच खेळला. हे कळल्यावर मला आधी रागच आला होता, म्हटलं परत तेच? पण पोरांनी स्वतः मागितलेली कुस्ती आणि कुणाच्या जागी उभं केलेली कुस्ती ह्यात फरक असेल, असावा.

हे आज लिहायला बसले त्याला कारण आहे. मागच्या महिन्यात एक वडील आले, दोन पोरं घेऊन. थोरल्याचं एसीएल, म्हणजे गुडघ्यातलं लिगामेंट तुटलेलं, ऑपरेशन झालंय, माझ्याकडे व्यायामाला. यात्रेची कुस्ती आधीच ठरलेली. वडील चांगला माणूस आहे, स्वतः कर्ज काढून पोरांचा खुराक बघतो, बदाम, तूप, सगळं. ते म्हणाले, "मॅडम, ह्याचं ऱ्हाऊ दे आता सहा म्हैनं. धाकट्याचा खांदा तेवढा बघून घ्या, ह्याच्या जागी ह्याला उतरवतो."

मी काही बोलले नाही. खरं तर बोलायला हवं होतं.

थोरला व्यायाम करत होता, धाकट्याला मी टेबलावर बसवलं. सतरा वर्षांचा असेल, मिसरूड नुकती. तो फोटोकडे बघत होता. मी म्हटलं सहा भाऊ होते, हा एकटा राहिला. त्याने जरा विचार करून विचारलं, "हा थोरला का धाकटा?"

आधी दुसरा होता, मग थोरला, आता कुणीच नाही, असं काहीतरी मी म्हणाले आणि त्याला हात वर उचलायला सांगितला. दुखतंय का विचारलं, नाही म्हणाला. नव्वदपर्यंत आला हात. त्याच्यावर न्यायला गेले तर त्याने आधी वडिलांकडे बघितलं आणि मग दात दाबून धरले.